लाटेपासून रस्त्यापर्यंत: सर्फिंग आणि स्केटबोर्डिंगचे सिनेमे बघायला कुठून सुरुवात करावी

सर्फिंगचा सिनेमा पहिल्यांदा लावणाऱ्या बहुतेकांचं एकच होतं. पहिली दहा मिनिटं डोळे विस्फारलेले असतात, पुढची दहा बरी जातात, आणि मग एक लाट दुसरीसारखीच दिसायला लागते. स्केटबोर्डिंगच्या व्हिडिओत तर तेवढाही वेळ मिळत नाही. कुणीतरी उडी मारतं, फळी फिरते, पुढचा येतो, पुन्हा उडी. बघणारा हळूच मोबाइल काढतो.

मला या सिनेमांची गोडी लागली ती एका प्रश्नामुळे: कॅमेरा कुठे उभा आहे आणि तो कुणाच्या हातात आहे? काठावर, पाण्यात, की त्याच रस्त्यावर दुसऱ्या फळीवर? हा प्रश्न मनात धरला की साठ-सत्तर वर्षांचा हा सगळा पसारा उलगडत जातो. खाली दिलेला क्रम त्याच प्रश्नाभोवती लावलाय. आठवड्याला एक सिनेमा बघितलात तरी दोन-तीन महिन्यांत तुमची नजर तयार होईल.

पायरी पहिली: सिनेमा लावण्याआधी

चार गोष्टी माहीत करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे, पण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पहिली गोष्ट वाऱ्याची. शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे येतात ते खारे, रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जातात ते मतलई. या सिनेमांत माणसं अंधारात उठून समुद्राकडे का धावतात, याचं उत्तर त्या धड्यातच आहे. जमिनीवरून येणारा वारा लाटेला समोरून थोपवून धरतो. तिची भिंत उभी आणि गुळगुळीत राहते, माथ्यावरचे तुषार मागे उडतात. दुपारी खारा वारा सुटला की तीच लाट पाठीमागून ढकलली जाते आणि विस्कटते. पडद्यावर तुषार समुद्राच्या दिशेने उडताना दिसले की समजायचं, आजचा दिवस चांगला आहे.

दुसरी गोष्ट तळाची. पाणी उथळ झालं की लाटेचा पाय अडखळतो आणि डोकं पुढे जातं, म्हणून लाट फुटते. तळ वाळूचा असेल तर फुटायची जागा सरकत राहते. खडकाचा असेल तर लाट वर्षानुवर्षं त्याच जागी, त्याच वळणाने फुटते. हवाईतल्या ओआहू बेटावरची पाइपलाइन अशीच उथळ खडकावर फुटते. म्हणूनच तिच्या पोटात ती सुंदर पोकळ नळी तयार होते, आणि म्हणूनच तिथे उतरणारा माणूस जिवावर उदार झालेला असतो. या नळीला बॅरल किंवा ट्यूब म्हणतात. सर्फिंगच्या सिनेमातली सगळी तहान या नळीत शिरून कोरडं बाहेर यायची आहे.

तिसरी गोष्ट डाव्या-उजव्याची. इथे नवखा हमखास गोंधळतो. लाट डावी की उजवी, हे लाटेवर बसून किनाऱ्याकडे येणाऱ्या माणसाच्या बाजूने ठरतं. म्हणजे त्याची उजवी लाट काठावरून बघणाऱ्याला डावीकडे जाताना दिसते. पाइपलाइन ही डावी लाट. काठावरून घेतलेल्या दृश्यात ती तुमच्या उजव्या हाताला पळेल.

चौथी गोष्ट पायांची. डावा पाय पुढे ठेवून उभा राहणारा तो रेग्युलर, उजवा पुढे ठेवणारा गूफी. गूफी हा शब्द ऐकायला कमीपणाचा वाटतो, पण तो फक्त पायाचा क्रम सांगतो. हा शब्द लाटेवरून रस्त्यावरच्या फळीपर्यंत तसाच चालत आला. पुढे स्केटिंग बघताना फार उपयोगी पडेल.

पायरी दुसरी: ‘द एंडलेस समर’

सुरुवात इथूनच करा. दुसरीकडून करू नका.

ब्रूस ब्राउन हा दक्षिण कॅलिफोर्नियातला तरुण स्वतः सर्फर होता. कल्पना साधी होती. उत्तर गोलार्धात हिवाळा आला की दक्षिणेत उन्हाळा असतो, तर मग उन्हाळ्याच्या मागोमाग जगभर जायचं. माइक हिन्सन आणि रॉबर्ट ऑगस्ट या दोघांना घेऊन तो सेनेगल, घाना, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ताहिती आणि हवाई असा फिरला. सोबत होता १६ मिलिमीटरचा कॅमेरा. फिल्मवर आवाज नाही. ब्राउन शाळांच्या सभागृहांत हा सिनेमा घेऊन जायचा आणि पडद्याशेजारी उभा राहून, टेपवर संगीत लावून, स्वतः गोष्ट सांगायचा. आपल्या पिंगुळीच्या चित्रकथीची आठवण व्हावी असा प्रकार: चित्र समोर, गोष्ट तोंडाने. ही रीत त्याच्याही आधीची. बड ब्राउन या हवाईला वाऱ्या करणाऱ्या सर्फरने १९५३ मध्येच सांता मोनिकातल्या एका शाळेच्या सभागृहात असा खेळ लावला होता.

वितरक म्हणाले, समुद्रापासून लांब राहणारा माणूस हे बघणार नाही. ब्राउनने सिनेमा कॅन्ससमधल्या विचिटा शहरात नेला. ऐन हिवाळा, समुद्र शेकडो मैल दूर. दोन आठवडे खेळ हाउसफुल्ल गेले. मग १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या किप्स बे थिएटरात लागला आणि जवळजवळ वर्षभर चालला. २००२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याची निवड झाली.

बघताना केप सेंट फ्रान्सिसच्या प्रसंगावर थांबा. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दोघं फळ्या घेऊन वाळूच्या टेकड्या चढत-उतरत चाललेत. उन्हाने डोळे बारीक झालेत. शेवटच्या टेकडीवरून खाली बघतात तर लहानशी, नितळ उजवी लाट खडकाच्या कडेने फुटत येतेय, दोरीने आखल्यासारखी. दुसरी तशीच. तिसरीही तशीच. हिन्सन उभा राहतो आणि फारसं काही करत नाही. पाय हलवायचीही गरज पडत नाही, इतकी ती लाट त्याला सांभाळून नेते. मनात एक, दोन, तीन मोजा. दृश्य संपता संपत नाही. ही लाट आज ब्रूसच्याच नावाने ओळखली जाते, आणि तशी देखणी ती वर्षातले मोजकेच दिवस फुटते.

आता प्रश्न विचारा: कॅमेरा कुठे आहे? बहुतेक वेळ काठावर, लांब लेन्स लावून. म्हणजे आपण मित्राच्या नजरेने मित्राकडे बघतोय. सिनेमाची माया त्यात आहे, आणि मर्यादाही. आफ्रिकेतल्या माणसांबद्दलचं ब्राउनचं निवेदन आज कानाला टोचतं. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा वर्णभेदाचं राज्य होतं, समुद्रकिनारेसुद्धा गोऱ्यांचे वेगळे होते. एका ओझरत्या कोटीपलीकडे सिनेमात त्याचा मागमूस नाही. हे लक्षात ठेवून बघा. सिनेमावरचं प्रेम त्याने कमी होत नाही, फक्त भाबडं राहत नाही.

पायरी तिसरी: हॉलिवूडने काय केलं

इथे फार रेंगाळू नका. १९५९ चा ‘गिजेट’ अर्धा बघितलात तरी चालेल. मालिबूच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या कॅथी कोनर या मुलीच्या वडिलांनी तिच्या अनुभवांवर कादंबरी लिहिली, तिचा हा सिनेमा. तो आला आणि मालिबूत पाय ठेवायला जागा उरली नाही, अशी जुन्या सर्फरांची तक्रार कायम राहिली. ती तक्रार समजण्यापुरता तो बघायचा.

पूर्ण बघायचा तो १९७८ चा ‘बिग वेन्सडे’. दिग्दर्शक जॉन मिलियस तरुणपणी मालिबूतच सर्फिंग करायचा. तीन मित्र, १९६२ ते १९७४ चा काळ, मध्ये व्हिएतनामची सैन्यभरती. तिकीटबारीवर पडला, पण सर्फरांनी त्याला उराशी धरलं. मैत्री कशी विरते आणि एका मोठ्या लाटेच्या दिवशी कशी परत येते, हे त्यात फार खरं उतरलंय. कॅथरिन बिगेलोचा ‘पॉइंट ब्रेक’ हा १९९१ चा, दरोडेखोर सर्फरांचा थरारपट. रविवारी दुपारी घरच्यांसोबत लावा. शेवटचा प्रसंग ऑस्ट्रेलियातल्या बेल्स बीचचा म्हणून दाखवलाय, चित्रीकरण मात्र अमेरिकेच्या ऑरेगन किनाऱ्यावरचं आहे.

मुलींचं सर्फिंग हवं असेल तर २००२ चा ‘ब्लू क्रश’ घ्या. कथा साधीच आहे, पण पाइपलाइनची भीती त्यात नीट पोचते.

पायरी चौथी: कॅमेरा पाण्यात उतरतो

हा टप्पा छोटा, पण वगळू नका. जॉर्ज ग्रीनो हा कॅलिफोर्नियाचा अवलिया छोट्या फळीवर गुडघे टेकून सर्फिंग करायचा. त्याने कॅमेऱ्यासाठी पाणी न शिरणारी पेटी स्वतः बनवली, जडशीळ कॅमेरा पाठीवर बांधला आणि थेट नळीच्या आत गेला. १९७३ च्या ‘क्रिस्टल व्हॉयेजर’च्या शेवटच्या वीसेक मिनिटांत पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचं ‘एकोज’ वाजतं आणि पडद्यावर फक्त लाटेचं पोट असतं. माणूस नाही, गोष्ट नाही. दिवे घालवून, हेडफोन लावून बघा. सगळा सिनेमा बघायला जमला नाही तरी तेवढा भाग बघाच. काठावरच्या मित्राची नजर इथे संपते. आता तुम्हीच आत असता.

त्याच्या जोडीला अल्बर्ट फॅल्झनचा ऑस्ट्रेलियन ‘मॉर्निंग ऑफ द अर्थ’. बालीतल्या उलुवातूची लाट यातून जगाला दिसली. पुढे तिथे काय गर्दी लोटली, ते आपण गोव्यात बघितलेलंच आहे.

पायरी पाचवी: समुद्र रस्त्यावर येतो

‘डॉगटाउन अँड झी-बॉइज’, २००१. सगळ्या यादीतला सांधा हाच.

सांता मोनिका आणि व्हेनिसच्या सीमेवरची गरीब वस्ती, मोडकळीला आलेला करमणुकीचा धक्का, पाण्यात लाकडी खांब आणि लोखंडाचे तुकडे. ही वस्ती म्हणजेच डॉगटाउन, आणि तिथल्या झेफर संघाची मुलं म्हणजे झी-बॉइज. ती सकाळी त्या खांबांमधून सर्फिंग करायची. वारा बदलला, लाटा विस्कटल्या की (मतलई वाऱ्याचा धडा आठवा) दिवसभर करायचं काय? चाकाच्या फळ्या घेऊन ती शाळांच्या उतरत्या डांबरी मैदानांवर जायची आणि तिथे लाटेवरचीच वळणं घ्यायची. हवाईचा लॅरी बर्टलमन लाटेवर खाली वाकून हात पाण्याला टेकवायचा. ही मुलं हात डांबराला टेकवायची. हे शक्य झालं ते पॉलियुरेथेनच्या चाकांमुळे. त्याआधीची मातीसारख्या कडक मिश्रणाची चाकं लहानशा खड्यालाही अडायची आणि माणूस तोंडावर आपटायचा.

मग कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला. बंगल्यांमधले पोहण्याचे तलाव कोरडे पडले. त्यांचा गोलसर काँक्रीटचा तळ या मुलांना गोठलेल्या लाटेसारखा दिसला. भिंती ओलांडून, उरलेलं पाणी पंपाने उपसून, पोलीस येईपर्यंत ती त्यात फिरत राहायची.

दिग्दर्शक स्टेसी पेराल्टा हा त्याच टोळीतला मुलगा. म्हणजे कॅमेरा पुन्हा आतल्या माणसाच्या हातात आहे. टोनी अल्वा, जे ॲडम्स आणि संघातली एकटी मुलगी पेगी ओकी यांना जुन्या चित्रफितींत बघून घ्या. त्यावर पुढे २००५ मध्ये ‘लॉर्ड्स ऑफ डॉगटाउन’ हा कथापट निघाला. आधी माहितीपट, मग तो, हा क्रम मोडू नका.

पायरी सहावी: व्हिडिओ बघायला शिकणं

इथे नवखे सर्वांत जास्त गळतात, म्हणून जरा सविस्तर.

स्केटबोर्डिंगचा खरा सिनेमा थिएटरात नव्हता, व्हीएचएस कॅसेटवर होता. पॉवेल पेराल्टा कंपनीने १९८४ मध्ये ‘द बोन्स ब्रिगेड व्हिडिओ शो’ काढला आणि रीत पडली: कंपनीने आपल्या खेळाडूंचा व्हिडिओ काढायचा, प्रत्येकाला स्वतःचं गाणं आणि स्वतःची दोन-चार मिनिटं द्यायची. त्या तुकड्याला पार्ट म्हणतात. या चार मिनिटांसाठी खेळाडू वर्ष-वर्ष घासतो.

आधी ऑली समजून घ्या, कारण रस्त्यावरची जवळजवळ प्रत्येक करामत तिच्यापासून सुरू होते. ॲलन गेलफंडने ती १९७० च्या दशकाच्या शेवटी फ्लोरिडात उताराच्या भिंतीवर शोधली. रॉडनी मलनने पुढे सपाट जमिनीवर आणली. व्हिडिओचा वेग पाव करून बघा. मागचा पाय फळीची शेपटी जमिनीवर ठोकतो, टक् असा आवाज येतो, नाक वर उचललं जातं. त्याच क्षणी पुढचा पाय बुटाच्या कडेने फळीवरच्या खरखरीत कागदावर घासत पुढे सरकतो आणि फळीला वर ओढून सपाट करतो. हात लागत नाही, पट्टा नाही, तरी फळी पायाला चिकटून वर येते. माझ्या भाच्याने सोसायटीच्या पार्किंगमध्ये यासाठी अख्खी दिवाळीची सुटी घालवली. त्याच्या उजव्या बुटाची करंगळीजवळची कड झिजून आतला मोजा दिसायला लागला, तेव्हा मला कळलं की तो गूफी आहे आणि बुटाला तिथेच भोक का पडतं.

आता १९९१ चा ‘व्हिडिओ डेज’ लावा. जेमतेम पंचवीस मिनिटांचा. ब्लाइंड कंपनीचा, चित्रीकरण स्पाइक जोन्झचं. याच जोन्झला पुढे ‘हर’च्या पटकथेसाठी ऑस्कर मिळालं. गाय मारियानो तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचं पोर; जॅक्सन फाइव्हच्या गाण्यावर तो शाळांच्या बाकांवरून, पायऱ्यांवरून जातो. मार्क गोन्झालेसला बघा, तो शहराकडे असा बघतो की प्रत्येक कठडा त्याच्यासाठीच बांधलाय.

एकच व्हिडिओ तीनदा बघा. पहिल्यांदा नुसता. दुसऱ्यांदा माणूस सोडून जमीन बघा: फरशी गुळगुळीत आहे की खडबडीत, पायऱ्या किती, उतरल्यावर पळायला जागा किती. तिसऱ्यांदा चाकांचा आवाज ऐका. जुने व्हिडिओ यूट्यूबवर सापडतात, पण गाण्याच्या हक्कांमुळे पुष्कळदा मूळ गाणं काढलेलं असतं. अशी प्रत लागली तर दुसरी शोधा, कारण पार्ट त्या गाण्याच्या ठेक्यावरच कापलेला असतो.

आणि कॅमेरा? तो मागोमाग दुसऱ्या फळीवरून येतोय, जमिनीपासून वीतभर उंचीवर, गोल फुगीर फिशआय लेन्स लावून. नव्वदीच्या उत्तरार्धात सोनीच्या व्हीएक्स १००० कॅमेऱ्याने हा थाट पक्का केला. चित्रीकरण करणाराही तितकाच तरबेज असावा लागतो, हे एकदा डोक्यात शिरलं की बघणं बदलतं.

पायरी सातवी: गोष्टी

आता कथापट. जोना हिलचा ‘मिड नाइन्टीज’ हा २०१८ चा, सुपर १६ फिल्मवर, जुन्या टीव्हीच्या चौकोनी आकारात काढलेला. घरात मार खाणारा पोरगा लॉस एंजलिसच्या एका स्केटच्या दुकानात आधार शोधतो. भाषा शिवराळ आहे, मुलांसोबत लावू नका. त्याच वर्षीचा क्रिस्टल मोझेलचा ‘स्केट किचन’ मला जास्त जवळचा. दिग्दर्शिकेला न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत फळ्या घेतलेल्या मुली भेटल्या. त्यांनाच घेऊन तिने सिनेमा केला. १९९५ चा ‘किड्स’ सगळेजण सुचवतील. तो महत्त्वाचा आहे, पण लैंगिक हिंसा आणि एड्सचा विषय अंगावर येतो. पहिल्या दहांत घेऊ नका.

मोठी गोष्ट नको असेल तर १९६५ चा ‘स्केटरडेटर’ हा लघुपट शोधा. वीस मिनिटांच्या आतला, एकही संवाद नाही. कान महोत्सवात लघुपटाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं होतं.

पायरी आठवी: ‘माइंडिंग द गॅप’

हा सिनेमा आठव्या पायरीवर मुद्दाम ठेवलाय. आधीच्या सात पायऱ्या चढून आलात की तो पुरता भिडतो.

बिंग लिऊ हा इलिनॉयमधल्या रॉकफर्ड या कारखाने बंद पडलेल्या गावचा मुलगा. किशोरवयात तो मित्रांचे स्केटिंगचे व्हिडिओ काढायचा, पायरी सहावीत सांगितले तसेच. ते बारा वर्षांचं चित्रीकरण हळूहळू दुसरंच काही सांगू लागलं: किअर, झॅक आणि बिंग, तिघंही घरात मार खाऊन वाढलेले. सुरुवातीला कॅमेरा रिकाम्या रस्त्यावरून पाण्यासारखा सरकतो, इतका सुरेख की पोटात हलतं. आणि शेवटाकडे तोच कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर आहे. समोर बिंगची आई बसलीय, आणि तो तिला सावत्र बापाबद्दल विचारतोय. दुसऱ्या कॅमेऱ्यात विचारणाऱ्या मुलाचा चेहरा. आयुष्यभर कॅमेऱ्यामागे लपलेला माणूस पहिल्यांदा समोर येतो. माहितीपटासाठी ऑस्करचं नामांकन त्याला मिळालं होतं. बघून झाल्यावर लगेच दुसरं काही लावू नका.

पायरी नववी: आपल्याकडचं

‘स्केटर गर्ल’, २०२१, नेटफ्लिक्सवर. दिग्दर्शिका मंजरी माकिजानी, म्हणजे ‘शोले’तला सांभा साकारणाऱ्या मॅक मोहन यांची मुलगी. राजस्थानातलं उदयपूरजवळचं खेमपूर, तिथली प्रेरणा नावाची मुलगी, आणि गावात आलेली फळी. कथेची वळणं ओळखीची आहेत. पण सिनेमासाठी त्यांनी गावात सुमारे १४,५०० चौरस फुटांचा खराखुरा स्केटपार्क बांधला आणि चित्रीकरण संपल्यावर तो मुलांसाठी तिथेच ठेवला. वहिदा रेहमान छोट्याशा भूमिकेत येतात आणि तेवढ्यात मन जिंकतात. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावातही २०१५ पासून असा पार्क आहे. ‘शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही’ आणि ‘मुली आधी’ हे तिथले नियम.

समुद्राच्या बाजूने ‘बियाँड द सरफेस’ हा २०१४ चा माहितीपट. त्यात इशिता मालवीय दिसते. मुंबईत वाढलेली ही मुलगी मणिपालला शिकायला गेली, तिथे सर्फिंगला लागली आणि कोडी बेंग्रेच्या किनाऱ्यावर तिने शाका सर्फ क्लब उभा केला. आपल्या रंगाची, आपल्यासारखं बोलणारी मुलगी लाटेवर उभी राहताना बघणं वेगळं असतं. मला ते पहिल्यांदा बघताना गळ्याशी आलं होतं.

आणि मग किनाऱ्यावर

शेवटची पायरी सिनेमाबाहेरची. डिसेंबर-जानेवारीत कोकणात किंवा गोव्याला गेलात तर एक दिवस पहाटे उठा. माझं आजोळ गुहागरचं. तिथला लांबच लांब वाळूचा किनारा मी लहानपणापासून बघतोय, पण या सिनेमांनंतर तो पुन्हा बघितला. हिवाळ्यात लाटा लहान असतात, कमरेएवढ्याही नसतात. तरी सूर्य वर यायच्या आधी, अंगावरून गार मतलई वारा समुद्राकडे जात असताना, त्यांच्या माथ्यावरून बारीक तुषार मागे उडतात. वाळूत बसून एकच लाट निवडा, ती कुठून फुटायला सुरुवात करते ते बघा आणि ती डावी की उजवी ते सांगा. तुम्ही काठावर आहात, म्हणून उत्तर उलटं करायला विसरू नका.